दोन जुने रिसिव्हर, स्पीकरची जोडी एकच : माझा अनुभव

ज्यांच्या घरात जुने रिसिव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात) एकापेक्षा जास्त आणि स्पीकर मात्र दोनच, त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांना हा सगळा रिकामटेकडेपणाच वाटणार. माझ्याकडे एक मॅरँट्झ 2230 आहे, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा, चॅनेलला 30 वॅट, न्यू जर्सीतल्या चुलतभावाने घर बदलताना देऊन टाकला. दुसरा पायोनियर एसएक्स 780, 45 वॅटचा, मामाने मस्कतहून आणलेला. आम्ही राहतो ठाण्यात वन बीएचकेत, त्यामुळे स्पीकरची आणखी एक जोडी घेऊ का असं घरात विचारायचीसुद्धा सोय नाही.

दोन्ही सेट त्याच स्पीकरवर आलटून-पालटून ऐकायला सुरुवातीला मागे हात घालून वायरी काढायच्या आणि दुसऱ्याला लावायच्या असंच चाललं होतं. पण ती जुनी स्प्रिंगची टर्मिनलं, त्यात वायरीचा एखादा केस बाजूच्या टर्मिनलला टेकला तर शॉर्ट, आणि आउटपुट ट्रान्झिस्टर गेला तर पन्नास वर्षांपूर्वीचा पार्ट शोधत फिरा. शिवाय वायरी बदलेपर्यंत आधीचा आवाज कसा होता ते कान विसरून जातो, मग तुलना कसली डोंबलाची!

एका मित्राने सल्ला दिला, अरे दोघांच्या वायरी स्पीकरला एकत्रच बांध आणि एका वेळी एकच सेट चालू ठेव. हे कोणीही करू नका. एक सेट बंद असला तरी त्याचं आउटपुट स्पीकरच्या वायरीला जोडलेलंच राहतं, म्हणजे चालू सेटचा करंट स्पीकरबरोबर तिकडेही घुसणार. पायोनियरमध्ये प्रोटेक्शन रिले (स्पीकरची वाट आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) आहे, बंद असताना तो वाट तोडतो, पण जुन्या सगळ्या सेटना असा रिले नसतो. आणि दोन्ही चुकून एकदम चालू झाले तर विषयच संपला.

ऑनलाइन जे स्पीकर सिलेक्टर मिळतात ते बहुतेक एका ॲम्पवर चार-पाच जोड्या चालवायला बनवलेले असतात. उलटे जोडता येतात, पण बऱ्याच डब्यांवर दोन बटणं एकदम दाबता येतात आणि इथे नेमकं तेच व्हायला नको. म्हणून मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदार म्हणाला, साहेब छोटा रोटरी (गोल फिरवायचा स्विच) घेऊन जा, स्वस्तात काम होईल. पण ते छोटे रोटरी सिग्नलसाठी असतात, अर्धा अँपिअरसुद्धा धड झेपत नाही त्यांना, आणि 8 ओमला 45 वॅट म्हणजे जवळजवळ 2.4 अँपिअर. मी घेतला जाडजूड टॉगल (दांडीचा खटका), चार पोलचा, 10 अँपिअरचा, मधे ऑफ असलेला. मधला ऑफ महत्त्वाचा, कारण एक सेट पूर्ण सुटल्याशिवाय दुसरा लागतच नाही.

चार पोल कशाला, तर डाव्या-उजव्याचे प्लस आणि मायनस असे चारही स्विचमधून घ्यायचे म्हणून. मायनस कॉमन ठेवला तरी चालतं असं लोक सांगतात आणि बऱ्याच सेटना चालतंही, पण काही ॲम्पचं मायनस ग्राउंड नसतंच, तिथे नसती आफत. वायरिंग सोपं आहे, मधल्या चार पिना स्पीकरला, एका बाजूच्या चार एका सेटला, उरलेल्या दुसऱ्याला. सोल्डर झाल्यावर मल्टीमीटरने सगळ्या जोड्या तपासल्या, मग दोन्ही सेटच्या आउटपुटला डीसी किती येतंय ते मिलिव्होल्टवर बघितलं (पन्नासच्या खाली असेल तर निवांत राहा) आणि तेव्हा कुठे स्पीकर लावले. स्विच फिरवताना आवाज शून्यावर आणायचा ही सवय लावून घेतली. हे सगळं ट्रान्झिस्टर सेटचं हां, व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर तो चालू असताना स्पीकरशिवाय मोकळा सोडायचा नाही, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

सीडी प्लेयरमधून वाय केबलने दोघांना एकच सिग्नल दिला आणि खरी मजा इथे सुरू झाली. पहिल्या दिवशी पायोनियर ऐकून मी वेडाच झालो, काय तो बेस, काय तो मोकळेपणा! पण तो नुसता थोडा मोठा वाजत होता, आणि जो मोठा वाजतो तो कानाला नेहमी चांगलाच वाटतो. मग 400 हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजलं आणि दोघांनाही 1 व्होल्टवर आणलं (साध्या मल्टीमीटरचं त्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सीला काही खरं नसतं). लाउडनेस बंद, बेस-ट्रेबल मधोमध, फिल्टर बंद.

त्यानंतर भीमसेनजींची सीडी लावली, बायकोला स्विचजवळ बसवलं, मी पाठ करून बसलो. तानपुऱ्याच्या जवारीत काहीतरी फरक लागतोय असं वाटायचं, पण कोणता सेट चालू आहे ते सांगायला गेलो की निम्म्या वेळा चूक. "दोन्ही सारखेच आहेत, एक विकून टाक," असा तिचा निकाल लागला.

विकणार नाही, कारण एफएमवर फरक सरळ कळतो. मॅरँट्झ अमेरिकेचा, तिकडे डीएम्फसिस (प्रक्षेपणात मुद्दाम चढवलेला ट्रेबल रिसिव्हरने परत उतरवायचं प्रमाण) 75 मायक्रोसेकंद, आपल्याकडे 50, त्यामुळे त्याच्यावर विविध भारती जरा दबलेली लागते आणि ट्रेबल थोडा चढवावा लागतो. त्याला वेगळा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरही लागतो, 120 व्होल्टचा सेट आहे तो, थेट प्लगमध्ये घातला तर धूरच. तरी रात्री कमी आवाजात ऐकायला मी तोच लावतो, त्या निळ्या डायलसाठी, आणि हे कारण मल्टीमीटरवर दिसत नाही. आता शेजारचे काका त्यांचा सॅन्सुई रिसिव्हर देतो म्हणतायत. टॉगलला बाजू दोनच, म्हणजे आता तीन जागांचा, तेवढाच करंट झेपणारा रोटरी शोधणं आलं.