न घेतलेली उचल

दिवाळीनंतर लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या कट्ट्यांमधून वाट काढतच चालावं लागतं. तिथल्या एका अडतीवर हिशोबाचं काम माझ्याकडं होतं. काट्याच्या कॉम्प्युटरमधून रकाने टॅबने तोडलेली फाइल यायची. बॅश या कॉम्प्युटरच्या भाषेतल्या चार ओळींत ती वाचून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, छापायच्या. त्या दिवशी पहिल्यांदाच चालवलं. पाच पट्ट्या पडताळल्या, पाचही बरोबर. चहा मागवला.

चहा यायच्या आत औशाकडचे एक म्हातारे मामा पट्टी घेऊन आले. "लेकरा, मी उचल घेतलोच नाही, मग कापलाव कशी?"

12 क्विंटल, भाव 4300, रक्कम 51,600. इथवर ठीक. खाली उचल, म्हणजे आधी घेतलेले पैसे, 216 आणि हमाली-तोलाई 1874! बारा क्विंटलला एवढी हमाली ऐकून हमालसुद्धा हसले असते. पट्टी नंबराची जागा मात्र कोरी. 1874 हाच तो नंबर. खरी हमाली होती 216, ती उचलीत जाऊन बसली होती.

फाइल उघडली. मामांच्या ओळीत भावानंतर दोन टॅब एकाला एक चिकटून; मधला उचलीचा रकाना रिकामा. बॅशचं रीड, म्हणजे ओळ वाचून रकाने पाडणारी आज्ञा, टॅबला स्पेससारखंच मोकळ्या जागेत मोजतं, लागोपाठ कितीही आले तरी एकच धरतं. रिकामा रकाना गिळला गेला आणि पुढचं सगळं एकेक घर डावीकडं सरकलं. उचल घेतलेल्यांचा हिशोब पैशापैशाला बरोबर. दंड बसला तो न घेतलेल्यांना. मी पडताळलेले पाचही उचलवाले निघाले!

टॅबच्या जागी उभी रेघ टाकली. ती मोकळ्या जागेत मोडत नाही, त्यामुळं दोन रेघांमधला रिकामा रकाना रिकामाच राहतो. दोन मिनिटांचं काम.

मुनीमजींना कारण सांगितलं, तर त्यांनी लाल वही पुढं सरकवली. उचल नाही तिथं प्रत्येक ओळीत आडवी रेघ. "मोकळं सोडलं की कोणीबी काहीबी लिहितंय, साहेब."

अकरा पट्ट्या नव्यानं छापल्या. मामांनी 51,384 चा आकडा दोनदा वाचून घेतला. दहा जण मोंढ्यातच सापडले. अकरावे एसटीत बसून गेले होते. मुनीमजी त्यांच्या गावातल्या किराणा दुकानात फोन लावत होते.