हुमले, तुडतुडे आणि चिप्सच्या डब्याचा डिफ्यूजर

मॅक्रोचं, म्हणजे बारीक गोष्टींच्या अगदी जवळून काढलेल्या फोटोंचं, नाव काढलं की लोक आधी लेन्स विचारतात, कुठली घेतली, केवढ्याला पडली वगैरे. माझ्याकडे १०० एमएमची मॅक्रो आहे, सेकंडहँड, आणि चांगली आहे, पण वेंगुर्ल्यात आमच्या कलमांच्या बागेत किड्यांचे फोटो काढायला लागल्यावर कळलं की खरी मारामारी लेन्सशी नाहीच, उजेडाशी आहे.

१:१ म्हणजे ५ मिलिमीटरचा किडा सेन्सरवरही ५ मिलिमीटरचाच पडतो. एवढ्या जवळून ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ ११ इतकं बारीक ठेवलं तरी शार्प पट्टा जेमतेम १ मिलिमीटरचा, डोळे आले तर पाय गेले. बरं ॲपर्चर अजून बारीक करावं तर १:१ ला एफ ११ आधीच एफ २२ सारखं वागतं, उजेड चौपट कमी, आणि त्याच्याही पुढे गेलं की डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून उजेड पसरल्याने, सगळंच पुसट व्हायला लागतं. त्यात आंब्याखालची सावली, आणि उन्हं चढली की समुद्राकडून वारा सुटतो तो मोहोर हलवतच बसतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, वाढवून वाढवून किती वाढवणार, म्हणून फ्लॅश.

सेटिंग आता सहसा बदलत नाही: मॅन्युअल, शटर १/२००, आयएसओ २००, एफ ११, फ्लॅशपण मॅन्युअल, पूर्ण पॉवरच्या १/१६ वर. या सेटिंगला झाडाखाली बिनफ्लॅशचा फोटो जवळपास काळाकुट्ट येतो, आणि तेच पाहिजे, कारण मग किडा फ्रीझ करायचं काम शटरकडे राहतच नाही, ते फ्लॅश करतो. पॉवर जितकी कमी तितका झटका छोटा, १/१६ ला तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कितीतरी लवकर आटपतो, वारा असला तरी चालून जातं. सेल पण टिकतात. फक्त मागे जवळ काही नसेल तर बॅकग्राउंड रात्रीसारखी काळी येते, त्यावर उपाय म्हणजे मागे चारपाच इंचावर एखादं हिरवं पान येईल असा अँगल धरायचा.

नुसता फ्लॅश मात्र बेकार. आमच्याकडचे लाल हुमले, म्हणजे पानं शिवून घरटी करणाऱ्या मुंग्या, त्यांचं अंग तुकतुकीत असतं, त्यावर फ्लॅश पडला की पांढराफटक डाग आणि बाजूला काळी सावली. यात सगळा खेळ डिफ्यूजरचा, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणाऱ्या पडद्याचा. फ्लॅश किड्याच्या जितका जवळ आणि जितका मोठा दिसेल तितकी सावली मऊ. मी चिप्सचा लांब गोल डबा घेतला, आतून चकचकीत असतोच, एक टोक फ्लॅशवर, दुसरं कापून लेन्सच्या तोंडापर्यंत खाली वाकवलेलं आणि त्यावर टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा पातळ फोम. आधी ट्रेसिंग पेपर होता पण आपल्याकडच्या दमट हवेत कागद पापडासारखा वाकडा होतो आणि पावसाळ्यात तर गळूनच पडतो, फोमला काही होत नाही. दोन थर लावले, मध्ये बोटभर अंतर, तेव्हा कुठे हुमल्याच्या डोक्यावरची बारीक लव दिसली. विकतचे डिफ्यूजर मिळतात, घ्या हवे तर, पण आपल्या लेन्सच्या टोकापासून किडा किती लांब राहतो ते बघून स्वतः कापलेला बरा असं माझं मत.

कॅमेरा धरायची पण एक रीत आहे. डाव्या हाताच्या चिमटीत डहाळी धरायची आणि लेन्स त्याच हातावर टेकवायची, म्हणजे डहाळी हलली तरी कॅमेरा तिच्याबरोबर हलतो. फोकस रिंगला हात लावायचा नाही, आपणच केसभर पुढे मागे व्हायचं. हुमल्यांच्या डहाळीवर हे करताना ते हातावर चढतात, चावतात आणि वर चावल्या जागी ॲसिड सोडतात, तेव्हा तोंडातून जे निघतं ते ऐकून गडग्यापलीकडून काका ओरडले, "काय गावला काय रे?"

गावला होता, पण हुमला नव्हे. चालण्याची ढब वेगळी वाटली म्हणून क्लिक केला, स्क्रीनवर मोठं करून बघतो तर पाय आठ! हुमल्याची नक्कल करणारा कोळी. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालतो, कंबर मुंगीसारखी बारीक, डोक्याच्या दोन्ही बाजूंना काळे ठिपके म्हणजे लांबून मुंगीचे डोळे वाटावेत, आणि खरे मोठे दोन डोळे समोर, त्यात माझ्या डिफ्यूजरचं पांढरं चौकोनी प्रतिबिंब. नराचा जबडा एवढा लांब असतो की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चाललीय असं वाटतं.

तुडतुडे, म्हणजे मोहोराचा रस शोषणारे बारीक किडे, मात्र पिडतात. मोहोराच्या दिवसात खालच्या पानांवर खार, म्हणजे तुडतुड्यांचा चिकट रस, पडून ती चिकट चमकायला लागली की वर तुडतुडे आहेत हे नक्की, पण लेन्स जवळ नेली की दांड्याच्या पलीकडे आडवे सरकतात. मग पलीकडून दुसऱ्या हाताचं बोट हळूच न्यायचं, ते परत इकडे येतात. भल्या सकाळी गारव्यात जास्त सुस्त असतात. आणि हो, शेजारच्या बागेत फवारणी कधी आहे ते आधी विचारून घ्या, फवारलेल्या मोहोरात तोंड घालून बसायचं नसतं.

सध्या काजूवरच्या ढेकण्या नावाच्या किड्याच्या मागे आहे. बागायतदार शिव्या घालतात त्याला, पण त्याच्या पाठीवर टाचणी टोचल्यासारखा एक उभा खुंट असतो, तो बाजूने फार भारी येतो. अंडी तो कोवळ्या देठात घालतो, बाहेर दिसतात फक्त दोन पांढरे केस, एक थोडा लांब, एक आखूड. त्यांना १:१ पुरत नाही. म्हणून लेन्सच्या पुढे रेनॉक्स २५० हे क्लोज-अप भिंग लावलंय, दुपटीच्या आसपास जातं, पण किडा आता लेन्सच्या इतका जवळ येतो की डब्याचं टोक आधी पालवीला धडकतं. फोम नव्याने कापायला घेतलाय.