एरे इबेजी: झीज कशी वाचायची

नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या जुळ्यांच्या लाकडी मूर्तींना 'एरे इबेजी' म्हणतात. जुन्या मूर्तीचं नाक सपाट झालेलं असतं, डोळे जवळजवळ पुसलेले. कारागिराने ते ठसठशीत कोरले होते. घरच्या बायकांनी वर्षानुवर्षं धुऊन, चोळून झिजवले. माझ्या मते मूर्तीचं खरं मोल या झिजेत आहे.

नैर्ऋत्य नायजेरियात जुळी फार जन्मतात. दोघांचा आत्मा एकमेकांत गुंतलेला मानतात, त्यामुळे एक दगावलं की ते दुसऱ्यालाही ओढून नेईल अशी धास्ती. मग बाबालावोकडून, म्हणजे इफा या दैवी कौलाच्या पुजाऱ्याकडून, कौल घेऊन गेलेल्या मुलाची मूर्ती करवून घेतात. उंची साधारण २० ते ३० सेंटिमीटर, लाकूड अखंड. मूल तान्हं गेलं तरी मूर्ती प्रौढ असते: उंच केशरचना, गालांवर कुळाच्या चिरा, मुलीला भरलेले स्तन. डोकं उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं, कारण माणसाचं नशीब डोक्यात, 'ओरी'त, राहतं. कारागीर वाकसाने आधी ढोबळ आकार काढतो, मग कान-नाक-हात. अंग सुरीने साफ करून केसांच्या बारीक रेषा शेवटी.

पुढे जिवंत भावंडाला जे मिळेल ते मूर्तीलाही: आंघोळ, कपडे, जेवण. अंगाला कॅमवुड या झाडाच्या लाकडाची तांबडी पूड, केसांना नीळ. पुढे कपड्यांना घालायची बाजारी नीळही वापरात आली. छातीवर त्रिकोणी ताईत कोरलेला दिसला, तर तो इस्लामचा प्रभाव.

नकली मूर्ती ओळखताना खोबणी बघा. हात फिरतो तो उंचवट्यांवर, म्हणून खरी झीज नाक, कपाळ, गालांवर असते, आणि काख, कानामागची जागा, केसांच्या खाचा यांत तांबडा थर साचलेला राहतो. मण्यांच्या माळेखालीही लाकूड घासलेलं सापडतं. पॉलिशपेपरने झिजवलेल्या मूर्तीवर समांतर ओरखडे दिसतात आणि रंग सगळीकडे सारखा. जोडी विजोड असली म्हणून मात्र लगेच शंका घेऊ नये. दुसरं मूल काही वर्षांनी गेलं, तर त्याची मूर्ती दुसऱ्या कारागिराच्या हातची असू शकते. अर्थात विक्रेतेही सुट्या मूर्तींच्या जोड्या लावतात, तेव्हा दोन्हींची झीज ताडून पाहावी.

विसाव्या शतकात काही घरांत लाकडाची जागा प्लॅस्टिकच्या बाहुल्यांनी आणि फोटोंनी घेतली. उरलेल्या एकट्याचा फोटो दोनदा शेजारी-शेजारी छापतात. जुळं भाऊ-बहीण असेल, तर उरलेल्यालाच दोघांच्या वेशात उभं करून दोन फोटो घेतात.

हाती जुनी मूर्ती आली, तर साबण, तेल, पॉलिश काही लावू नका. वरचा तांबडा-निळा थर गेला, तर तिची सेवा कशी झाली याचा पुरावाच जातो. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झटकावी.