एका दाताचा फरक

डिझेल चोरल्याच्या संशयावरून एका ड्रायव्हरला कामावरून काढले गेले, त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्यावर क्लच जाळल्याचा ठपका आला, आणि या दोन्ही आरोपांचे मूळ शेवटी मागच्या हौसिंगमध्ये (मागच्या चाकांकडे इंजिनची ओढ वळवणाऱ्या गिअरच्या पेटीत), ऑइलमध्ये बुडालेल्या एका पिनियनच्या, म्हणजे लहान दातेरी चक्राच्या, दातांत सापडले. गाडी दुरुस्त होऊन गेली. पण प्रकरण माझ्या मनातून गेलेले नाही, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

बेळगावच्या ऑटोनगरात माझे गॅरेज असून जड गाड्यांच्या हौसिंगचे काम हाच आमचा मुख्य धंदा आहे. क्लचची कामे आम्ही सहसा इतरांकडे पाठवतो. त्या दिवशी सकाळी मात्र निपाणीच्या एका ओळखीच्या मालकांचा फोन आला, की त्यांची ट्रेलर गाडी पोकलेन घेऊन हत्तरगीकडे जाताना वंटमुरी घाटात अडकली आहे, क्लचमधून धूर येतो आहे आणि पोलीस गाडी हलवा म्हणून मागे लागले आहेत. या मालकांकडे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आहेत. दोन्ही गाड्या एरवी हुबळी ते कागल या पट्ट्यात साखरेची पोती आणि कास्टिंग वाहतात; महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम निघाल्यापासून त्यांतली ही एक गाडी अधूनमधून लो-बेड ट्रेलर जोडून पोकलेन इकडून तिकडे नेते. लो-बेड, त्यावरची मशीन आणि पुढची गाडी असे सगळे वजन चाळीस टनांच्या घरात जाते.

पुढची वाहतूक खोळंबल्यामुळे ड्रायव्हरला भर चढावर थांबावे लागले होते आणि पुन्हा गाडी उठवताना क्लच प्लेट संपली होती. दुसरी गाडी जोडून ट्रेलर वर काढला आणि बंद गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. क्लच उतरवल्यावर जे दिसले, त्याने मी विचारात पडलो. प्लेटचे अस्तर पार जळून गेले होते, फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग पडले होते आणि केसासारख्या बारीक भेगा होत्या. पण क्लच फोर्क, रिलीज बेअरिंग आणि पेडलचे अंतर ही सगळी नीट होती. सतत पेडलवर पाय ठेवणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत रिलीज बेअरिंग आणि प्रेशर प्लेटची बोटे आधी झिजतात. इथे तसे काहीच नव्हते. गाडी सपाटीवर नीट चालत होती आणि फक्त जागेवरून उठताना प्लेट जळत होती, असे ते भाग सांगत होते.

मालकांचे मत आधीच ठरलेले होते. “मिस्त्री, आधीचा डिझेल विकत होता आणि हा क्लच खातोय. सगळे एकाच माळेचे मणी,” असे ते ड्रायव्हरच्या समोरच म्हणाले. ड्रायव्हर हुक्केरीकडचा, कन्नड घरातला, मराठी अडखळत बोलणारा तरुण. तो एवढेच म्हणाला, “हाफ क्लच ठेवल्याशिवाय गाडी उठतच नाही, मिस्त्री. मालकांच्या दुसऱ्या गाडीवर होतो तेव्हा असं होत नव्हतं.” गाडीबद्दल त्या दिवशी जे जे बोलले गेले, त्यातले हे एकच वाक्य तपासून पाहण्यासारखे होते. याआधी दोन ठिकाणी हाच क्लच बदलला गेला होता आणि दोन्ही ठिकाणी ड्रायव्हरला हेच सांगायची संधी मिळाली असणार; पण आपल्याकडे बिल मालक देतो, म्हणून मालकाचेच निदान खरे धरण्याची सवय गॅरेजवाल्यांना लागली आहे आणि ती मला मनापासून खटकते.

हौसिंगवरच्या पट्टीवर ६.८३ हा आकडा स्पष्ट वाचता येत होता. म्हणजे क्राऊनला, पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या चक्राला, ४१ दात आणि पिनियनला ६; ४१ ला ६ ने भागले की हा रेशो निघतो. ओझे ओढणाऱ्या गाडीला हा रेशो साजेसा आहे. पण पट्टी हौसिंगच्या बाहेर असते आणि दात आत असतात, म्हणून हौसिंग न उघडता मोजून पाहायचे ठरवले. त्याची रीत सोपी आहे, फक्त सावधपणे करावी लागते. एअर ब्रेकच्या गाडीत हॅन्डब्रेक मागच्या चाकांवरच काम करतो, त्यामुळे चाक फिरवायचे तर तो सोडावा लागतो. म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे पक्के लावले, जमिनीवर राहणाऱ्या मागच्या चाकालाही लावले, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला आणि मागची एकच बाजू जॅकवर उचलली. टायरवर आणि जॉइंटच्या (गिअरबॉक्सपासून हौसिंगपर्यंत फिरणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजवर खडूने खुणा केल्या. एक बाजू अडलेली असताना उचललेले चाक दोन फेरे फिरते तेव्हा क्राऊन एक फेरा घेतो, त्यामुळे चाकाच्या दोन फेऱ्यांत जॉइंट जितका फिरेल तितका रेशो. ६.८३ असता तर जॉइंट सातव्या फेऱ्याच्या शेवटाजवळ थांबायला हवा होता. तो सहावा फेराही पुरा करू शकला नाही. पुन्हा केले, तरी तेच. आत ४१ बाय ७, म्हणजे ५.८६ चा सेट होता.

एक दात जास्त असला तर असा काय फरक पडणार, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. मोटर दुरुस्तीतल्या पुष्कळ लोकांनाही तसेच वाटते, म्हणून हिशेब मांडतो. क्राऊनचे दात तेवढेच राहून पिनियनचे ६ वरून ७ झाले, की चाकाशी पोहोचणारी ओढ सातव्या हिश्शाने कमी होते. इंजिन, गिअरबॉक्स, टायर काहीही न बदलता. गाडी उठवताना क्लच प्लेट जितका वेळ घसरते, तेवढा वेळ उष्णता प्लेटमध्येच जाते, आणि सपाटीवरसुद्धा ही उष्णता रेशोच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलते. सहाचा वर्ग ३६ आणि साताचा ४९. म्हणजे तेच वजन उठवताना प्लेटला आधीपेक्षा एक तृतीयांशाहूनही अधिक वाढीव उष्णता सोसावी लागते. चढावर तर इंजिनची ओढ आधी उतार सांभाळण्यातच खर्च होते, त्यामुळे प्लेट आणखी घसरते. रिकामा ट्रेलर असताना हे कळतही नाही. चाळीस टन वजन घेऊन घाटात थांबल्यावर ते कळते. उतरतानाही तीच गत होते, कारण त्याच गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिन कमी फिरते, एक्झॉस्ट ब्रेकची, म्हणजे इंजिनच्याच जोरावर गाडी आवरणाऱ्या ब्रेकची, पकड ढिली पडते आणि सगळा भार चाकांच्या ब्रेक लायनरवर येतो. या गाडीचे लायनर दुसरीपेक्षा लवकर संपत असल्याचे मालकांनी मी विचारल्यावर कबूल केले.

डिझेलचा प्रश्न मी विचारला नव्हता, तो हिशेबातून आपोआप पुढे आला. किलोमीटर मोजणारा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असतो. तो चाकाचे नव्हे, जॉइंटचे फेरे मोजतो. रेशो बदलला, पण गाडीच्या कॉम्प्युटरमधला आकडा कोणी बदलला नाही, त्यामुळे गाडी खरे सात किलोमीटर चालली की मीटर सहाच दाखवत होता. मालक कोगनोळीजवळ टाकी फुल करतात आणि फुल ते फुल असा अ‍ॅव्हरेज काढतात. पद्धत बिनचूक आहे. पण किलोमीटरचा आकडाच खोटा असल्यामुळे दुसऱ्या गाडीच्या तुलनेत ही गाडी कायम जास्त डिझेल खाताना दिसत होती, आणि त्यातूनच आधीच्या ड्रायव्हरवर चोरीचा आळ आला होता. खरे तर महामार्गावर ५.८६ च्या रेशोने डिझेल थोडे वाचायलाच हवे.

मालकांना हे पटेना. म्हणून क्लच बसवून झाल्यावर, ट्रेलर न जोडता, त्यांना केबिनमध्ये बसवून काकतीपर्यंत नेले. मीटरवर साठ होते तेव्हा त्यांच्याच मोबाइलमध्ये सत्तर दिसत होते. मग ड्रायव्हरने खिशातून आपला मोबाइल काढून वेगाबद्दल आलेला दंड दाखवला, नव्वदच्या वरचा. व्यापारी गाडीचा स्पीड लिमिटर ८० वर लावलेला असताना हा दंड कसा, असे तो तेव्हापासून विचारत होता आणि कोणी ऐकून घेत नव्हते. लिमिटरसुद्धा त्याच सेन्सरवर चालतो; मीटरवरचे ऐंशी म्हणजे खरे त्र्याण्णव. मालक परत येईपर्यंत काही बोलले नाहीत.

आता ज्याने हा सेट बसवला, त्याच्याविषयी. मालकांनी ही गाडी जुनी घेतली होती आणि आधीचा मालक तिच्यावर हलका पार्सल माल वाहत असे. त्या कामाला ५.८६ योग्यच होता. गाडीला साजणारा रेशो असा एक नसतोच. तो टायर, गिअरबॉक्स, वजन आणि रस्ता पाहून ठरतो. १०.०० आर २० चा टायर एका फेऱ्यात सुमारे ३.२ मीटर जातो, म्हणून साठच्या वेगाला आणि एकास एक टॉप गिअरमध्ये (जॉइंट इंजिनाइतकाच फिरतो तेव्हा) इंजिन ६.८३ वर मिनिटाला सुमारे २१३० फेरे घेते, तर ५.८६ वर १८३०. दिवसभर सपाट महामार्गावर धावणाऱ्याला हे तीनशे फेरे वाचवावेसे वाटणे साहजिक आहे. हौसिंग उघडल्यावर मला आणखी एक गोष्ट दिसली: काम उत्तम झाले होते. क्राऊन आणि पिनियनवरचे जोडीचे क्रमांक जुळत होते, दातांवरची झीज एकसारखी होती. असा हात असलेल्या कारागिराने हौसिंगवरच्या पट्टीवर साधा एक ओरखडा ओढला नाही, कॉम्प्युटरमधला आकडा बदलून घ्यायला सांगितले नाही. आरसी बुकात रेशोची नोंद नसते, त्यामुळे विकत घेणाऱ्याला सहज कळायचा दुसरा मार्गच उरत नाही. इतके चांगले काम करून ते असे निनावी ठेवावे, याचा मला राग येतो.

मालकांनी पोकलेनचे काम सोडायचे नाही असे ठरवल्यावर ४१ बाय ६ चा नवा जोड आणला. हे काम घाईचे नाही. फ्लायव्हीलला उद्यमबागमधल्या लेथवर नवे तोंड मारून क्लचच्या वेळीच घेतले होते, पण पिनियनची खोली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) बदलत आम्ही अर्धा दिवस लावत होतो. दातांना निळा रंग लावून फिरवले, तर पहिल्यांदा ठसा दाताच्या माथ्याकडे आला. म्हणजे पिनियन बाहेर होते. शिम बदलून ते आत घेतले, तेव्हा ठसा मधोमध आणि किंचित आतल्या टोकाकडे बसला, कारण ओझ्याखाली तो बाहेरच्या टोकाकडे सरकतो. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायलवर तीन ठिकाणी पाहिला, मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांत आला. मगच जीएल-५ चे ऑइल भरले.

चाचणी मी त्याच चढावर आणि तेच ओझे घेऊन मागितली. रस्ता मोकळा असताना ड्रायव्हरने गाडी कडेला थांबवली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. धूर नाही, वास नाही, गाडी जागेवरून शांतपणे उठली. मीटर आणि मोबाइलचे आकडे आता जुळतात. महामार्गावर या गाडीला डिझेल थोडे जास्त लागेल, हे मी मालकांना लेखी दिले आहे, म्हणजे उद्या त्याचाही दोष कोणा माणसावर जाणार नाही. जुना सेट कापडात गुंडाळून त्यांच्याच स्वाधीन केला.

राहिला तो पहिला ड्रायव्हर. मालकांनी त्याला काढले तेव्हा संकेश्वर-निपाणीकडच्या इतर मालकांनाही सावध केले होते, आणि आमच्याकडे ही बातमी कन्नड-मराठी दोन्हींत सारख्याच वेगाने फिरते. त्याला अजून ट्रेलरचे काम मिळालेले नाही; तो चिकोडीकडे कोणाचा तरी ट्रॅक्टर चालवतो. मालकांना त्याला फोन करायला मी सांगितले, तेव्हा “बघूया” एवढेच उत्तर आले. आत सापडलेला रेशो, मीटर आणि मोबाइल यांचे आकडे आणि सातात एक किलोमीटरची तूट हे सगळे मी बिलावर तारखेसह लिहिले आहे आणि त्याची सही-शिक्क्याची एक प्रत त्या ड्रायव्हरकडे पाठवली आहे. ती दाखवून त्याला कोणी काम देईल की नाही, हे मला सांगता येत नाही. मालकांचा फोन त्याला अजून गेलेला नाही.