तेहुआंतेपेकच्या आखातातले निरभ्र वादळ

पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये उतरलेले रिकामे बल्क कॅरिअर धान्य भरण्यासाठी व्हँकूव्हरला निघते, तेव्हा पहिले काही दिवस त्याचा मार्ग मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर जातो. सगळा पट्टा उष्ण कटिबंधातला. पूर्व पॅसिफिकमधला चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरअखेर संपलेला असतो, त्यामुळे जानेवारीत तिथून जाताना फारशी धास्ती नसते. त्या जहाजावर मी सेकंड ऑफिसर होतो. पॅसेज प्लॅन आखणे आणि हवामानाची बुलेटिने कॅप्टनसाहेबांपुढे ठेवणे ही माझी जबाबदारी होती. कालव्याच्या पॅसिफिककडच्या टोकाचे बाल्बोआ बंदर सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी सॅट-सीवर (जहाजावरच्या उपग्रह संदेशयंत्रावर) जे बुलेटिन आले, त्यात मेक्सिकोच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या तेहुआंतेपेकच्या आखातासाठी ४८ तासांनंतर ‘स्टॉर्म’चा इशारा होता आणि आम्ही नेमके त्याच सुमारास तिथे पोहोचणार होतो.

ही बुलेटिने मायामीहून येतात. अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरचे नाव चक्रीवादळांमुळे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच केंद्राची एक शाखा विषुववृत्तापासून ३० अंश उत्तरेपर्यंतच्या आणि १४० अंश पश्चिम रेखांशाच्या पूर्वेकडच्या पॅसिफिकचा अंदाज वर्षभर, दिवसातून चार वेळा देत असते. ३४ ते ४७ नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्याला ‘गेल’, ४८ ते ६३ नॉटला ‘स्टॉर्म’ आणि त्यापुढे ‘हरिकेन फोर्स’ अशी इशाऱ्यांची उतरंड आहे. लाटांची उंची दिलेली असते ती सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट तिच्या दुपटीहूनही मोठी असू शकते, हेही बुलेटिनमध्ये बजावलेले असते. ते वाक्य दर वेळी तेच असल्यामुळे बहुतेक जण वाचत नाहीत.

हे वादळ समुद्रावर जन्मतच नाही. हिवाळ्यात उत्तर अमेरिकेतली थंड हवा टेक्सास ओलांडून मेक्सिकोच्या आखातात उतरते आणि सिएरा माद्रे पर्वताच्या पूर्व अंगाने दक्षिणेकडे सरकत राहते. डोंगर तिला पश्चिमेला जाऊ देत नाहीत. तेहुआंतेपेकच्या संयोगभूमीवर मात्र जमीन जेमतेम दोनशे किलोमीटर रुंद उरते आणि डोंगररांगेत चिवेलाची खिंड आहे. उत्तरेला जास्त दाब, दक्षिणेला कमी, आणि मध्ये ही एकच वाट. बंद घराची एकुलती खिडकी उघडावी तशी साचलेली सगळी हवा तिथून पॅसिफिकवर कोसळते. खिंडीच्या तोंडाशी असलेल्या गावाचे नावच ला व्हेंटोसा, म्हणजे ‘वाऱ्याची’, आहे आणि मेक्सिकोतल्या पवनचक्क्यांचे सर्वांत मोठे क्षेत्र याच टापूत उभे राहिले आहे. एका हिवाळ्यात सरासरी डझनभर वेळा तरी इथे गेल लागतो आणि त्यातल्या निम्म्या वेळा वारा स्टॉर्मपर्यंत जातो. हे नीट कळले ते १९९९ साली सोडलेल्या क्विकस्कॅट उपग्रहामुळे. समुद्राच्या खडबडीत पृष्ठभागावरून परतणाऱ्या रडारलहरींवरून वारा मोजण्याचे ते तंत्र पुढे आपल्या इस्रोनेही ओशनसॅट-२ आणि स्कॅटसॅट-१ या उपग्रहांवर वापरले.

आमचे शिक्षण सगळे बंगालच्या उपसागराच्या आणि अरबी समुद्राच्या चक्रीवादळांवर झालेले. उष्ण कटिबंधात बॅरोमीटर रोज ठरल्या वेळी चढतो-उतरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, चार-चारच्या सुमारास खाली. त्या नेहमीच्या आकड्यापेक्षा तीन मिलिबार कमी दिसले की सावध व्हायचे, पाच कमी झाले की चक्रीवादळ जवळ आहे असे धरून चालायचे, हा नियम प्रत्येक कॅडेटला पाठ असतो. इथे तो निरुपयोगी आहे. आमचा बॅरोमीटर ते दोन्ही दिवस घड्याळासारखा चालत होता. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, दक्षिणेकडून उसळी, म्हणजे दूरच्या वादळाची लांब लाट, येत नव्हती. हर्णैकडचा आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, हॅच कव्हरांचे (मालाच्या कोठारांवरच्या झाकणांचे) क्लीट आवळता आवळता म्हणाला, “सेकंडसाब, आभाळ लख्ख, दर्या सपाट. एवढी आवळाआवळ कोणासाठी?” मी त्याला टेक्सासचा नकाशा दाखवला. त्याने तो शांतपणे पाहिला आणि पुन्हा पाना उचलला.

कॅप्टनसाहेबांपुढे दोन मार्ग होते. एक, ठरल्याप्रमाणे आखाताच्या तोंडावरून सरळ जाणे. त्या रेषेवर बुलेटिन सहा मीटरच्या लाटा सांगत होते. दुसरा, आखाताच्या आत वळून किनाऱ्याला चार-पाच मैलांवर चिकटून जाणे. वारा किनाऱ्याजवळही तेवढाच असतो, पण जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याला लाट उभी करायला पाण्याची लांबी मिळत नाही. यात पन्नासेक मैल वाढत होते. चार्टररने, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याने, नेमलेल्या राउटिंग (मार्ग सुचवणाऱ्या) कंपनीचा सल्ला सरळ जाण्याचा होता, कारण त्यांच्या गणितात वेळ आणि इंधन मोठे होते. कॅप्टनसाहेबांनी दोन ओळींत उत्तर पाठवून मार्ग बदलला आणि त्याच दिवशी तीन नंबरच्या होल्डमध्ये (मालाच्या कोठारात) समुद्राचे पाणी भरायला सांगितले. रिकामे जहाज पाण्यावर उंच तरंगते आणि त्याची बाजू वाऱ्याला शिडासारखी मिळते, म्हणून त्याला खाली बसवावे लागते. पण अर्धवट भरलेल्या होल्डमध्ये पाणी हेलकावू लागले तर ते लोखंड वाकवते, त्यामुळे हे काम समुद्र शांत असतानाच उरकावे लागते आणि त्याला कित्येक तास लागतात. अंदाज दोन दिवस आधी मिळाला याचा खरा उपयोग इथे झाला.

मध्यरात्री मी वॉचवर आलो तेव्हा वारा दहा-बारा नॉट होता, तोही मतलईसारखा जमिनीवरून येणारा. साडेबारानंतर तो उत्तरेला स्थिरावला आणि अर्ध्या तासात अडतीसवर गेला. दोनच्या सुमारास खरा वारा, म्हणजे जहाजाचा वेग वजा करून काढलेला, सत्तेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान होता. ब्रिजच्या पंखांवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या उघड्या सज्ज्यांवर, उभे राहणे अशक्य झाले. वर तारे इतके स्वच्छ होते की क्षितिजापर्यंत मोजावेत आणि खाली समुद्रभर पांढऱ्या फेसाचे उत्तर-दक्षिण पट्टे ओढलेले होते. लाट मात्र दोन मीटरच्या वर गेली नाही. आखूड, उभी, आदळणारी. पश्चिमेचा कोर्स राखण्यासाठी जहाजाचे नाक दहा अंश उत्तरेला, म्हणजे किनाऱ्याकडे, धरून ठेवावे लागत होते. रडारवर सलिना क्रूझ बंदरासमोरची नांगरलेली तेलवाहू जहाजे दिसत असताना मनाला न पटणारा हा कोन सांभाळणे हेच त्या वॉचमधले सर्वांत कठीण काम होते. व्हीएचएफ रेडिओवर आमच्या दक्षिणेला पंचवीस मैलांवरचे एक जहाज दुसऱ्याला सांगत होते की ते पंचवीस अंशांपर्यंत कलंडते आहे.

अडीचला इंजिन रूममधून थर्ड इंजिनिअरचा फोन आला. “सेकंडसाब, सी-वॉटरचं टेंपरेचर एकोणतीसवरून बावीसवर आलंय. सेन्सर गेला की काय?” सेन्सर ठीक होता. वारा वरचे ऊन पाणी ढकलून, घुसळून काढतो आणि खालचे थंड पाणी वर येते. हा थंड पट्टा उपग्रहाच्या चित्रांत आखातापासून शेकडो मैल नैऋत्येला गेलेला दिसतो.

जहाजे आपली निरीक्षणे साधारणपणे सहा-सहा तासांनी पाठवतात. पुढची वेळ पहाटे सहाची होती आणि तोवर आम्ही वाऱ्याच्या मध्यरेषेपलीकडे गेलो असतो. वारा मोजणारे उपग्रह दिवसातून थोडक्या वेळाच वरून जातात, आणि त्यांच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत हे आखात पुष्कळदा सुटते. म्हणून मी तीनचे, म्हणजे ०९०० यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळेचे), जादा निरीक्षण सांकेतिक आकड्यांत लिहून पाठवले: उत्तर वारा, ४८ नॉट, ढग शून्य, समुद्र बावीस अंश. सकाळी मायामीच्या विवेचनात आमचे कॉल साइन छापून आले होते, ‘अमुक जहाजाने ४८ नॉट कळवले’ एवढेच, आणि स्टॉर्मचा इशारा पुढे बारा तास वाढवलेला होता. त्यामागे केवळ आमचा आकडा होता असे मी म्हणणार नाही; पण समुद्रावरून त्या रात्रीचा त्यांच्याकडे तो एकच आकडा होता, हे त्या मजकुरावरून दिसत होते.

आखाताच्या पश्चिमेकडच्या पुएर्तो आंखेलपाशी वारा तासाभरात पडला. होल्ड रिकामा करायला मात्र कॅप्टनसाहेबांनी आणखी एक दिवस थांबवले, कारण त्याच वाऱ्याने उठवलेली उसळी मागून येत होती.

व्हँकूव्हरला पोहोचल्यावर चार्टररकडून वाढलेल्या मैलांचा आणि इंधनाचा खुलासा मागणारे पत्र आले. आम्ही लॉगबुकातली त्या वॉचची पाने, त्या दिवसांतली बुलेटिने आणि ते विवेचन जोडून उत्तर दिले. पुन्हा विचारणा झाली नाही.