तिथे करमायला किती दिवस लागले?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. रोटरीच्या विद्यार्थी आदानप्रदान कार्यक्रमातून ज्यांचे मूल वर्षभरासाठी परदेशी निघाले आहे, असे आईवडील सांगलीत आमच्या घरी आले की व्हिसा, विमा आणि थंडीचे कपडे यांची चौकशी होते. उठता उठता मात्र आई हळूच विचारते, “तुम्हाला तिथे करमायला किती दिवस लागले हो?” आजवर मी “महिनाभर” असे सांगून समजूत घालत आले. ते उत्तर खरे नव्हते, आणि ज्यांची मुलगी ऑगस्टमध्ये जायची आहे त्यांना खरे उत्तर मिळायला हवे.

मी 2011 च्या ऑगस्टमध्ये, दहावी झाल्यावर, सोळाव्या वर्षी जर्मनीतल्या त्सेले या गावी गेले. हॅनोव्हरपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, आलर नदीच्या काठी, लाकडी चौकटींच्या जुन्या घरांचे ते गाव आहे. या कार्यक्रमात मूल एक शालेय वर्ष तिथल्या शाळेत जाते आणि ठरावीक महिन्यांनी घर बदलत दोन-तीन कुटुंबांत राहते. ही कुटुंबे त्यासाठी पैसे घेत नाहीत. माझी तीन घरे झाली. पहिल्या घरची मोठी मुलगी त्याच कार्यक्रमातून ब्राझीलला गेली होती आणि मला तिचीच खोली मिळाली होती.

सर्वांत अवघड काय गेले, तर हाक मारणे. जेवणाची, थंडीची धास्ती होती. या गोष्टीचा विचारही मनात आला नव्हता. जर्मन भाषेतही आपल्यासारखे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. त्या घरच्या आईने पहिल्याच संध्याकाळी सांगितले की तिला आणि तिच्या नवऱ्याला मी नावाने आणि ‘तू’ म्हणूनच हाक मारावी. आमच्या घरात बाबांना ‘अहो बाबा’ म्हणायची पद्धत; पन्नाशीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. तीन आठवडे मी त्या दोघांना कोणत्याच नावाने हाक मारली नाही. काही विचारायचे असेल तर त्यांची माझ्याकडे नजर जाईपर्यंत दारात उभी राहत असे. माझ्या त्या उभे राहण्याचा त्यांनी काय अर्थ लावला असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटते. तुमच्या मुलीशी या एका गोष्टीबद्दल आधीच बोलून ठेवा, कारण निघण्यापूर्वीच्या शिबिरांत नियम सांगतात, हे कोणी सांगत नाही.

शाळेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. वर्गातल्या तोंडी सहभागालाही गुण असतात, त्यामुळे गप्प बसणारी मुलगी हुशार असली तरी मागे पडते. दिवसभर परकी भाषा कान देऊन ऐकल्यामुळे दुपारी घरी येईपर्यंत डोके ठणकत असे. नोव्हेंबरच्या सुमारास ते आपोआप थांबले.

पहिले पाच-सहा आठवडे घरातले सगळे माझ्याशी फार प्रेमाने वागत होते, आणि तरीही मला करमत नव्हते. मी ताट उचलायला गेले की “राहू दे” म्हणत. आपण पाहुण्यांना म्हणतो, अगदी तसेच. मग एका शनिवारी त्या घरच्या आईने सांगितले की उद्यापासून रोज सकाळी भांडी धुण्याचे यंत्र रिकामे करणे हे माझे काम. मला वाईट वाटले; आता यांना आपला कंटाळा आला, असेच मनात आले. नंतर तिने मला स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी नेले. त्यात घरातल्या प्रत्येकासाठी एकेक रकाना असतो आणि कोणाचे काम काय, कोणाला दाताच्या डॉक्टरकडे कधी जायचे, हे त्यात लिहितात. ब्राझीलला गेलेल्या मुलीच्या रकान्यात तिचे नाव तसेच ठेवून त्याखाली तिने माझे नाव पेनाने लिहिले होते.

त्या यंत्राचा खालचा कप्पा आधी रिकामा करायचा असतो, कारण वरच्या पालथ्या कपांच्या बुडाशी साचलेले पाणी कप उचलताना खालच्या ताटल्यांवर सांडते. हे मला त्या घरच्या धाकट्या मुलाने शिकवले. पंधरा दिवसांत कोणती वाटी कुठे जाते आणि कोणत्या कपात कोण कॉफी पिते, हे मला पाठ झाले. एके दिवशी मी विसरले, तर तोच मुलगा माझ्यावर वैतागून ओरडला. त्या घरात माझ्यावर कोणी रागावण्याची ती पहिली वेळ होती, आणि त्या दिवशी शाळेला सायकलवरून जाताना मला फार हलके वाटत होते.

घरची आठवण मात्र त्यामुळे गेली नाही. मी दर रविवारी तिथल्या दुपारी दोन वाजता आईला फोन करत असे, तेव्हा सांगलीत साडेपाच वाजलेले असत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास मागे घेतात, हे मी आईला सांगायचे विसरले. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. मी माझ्या वेळेवर दोन वाजता फोन केला, पण इकडे साडेसहा वाजले होते आणि आई तासभर फोनशेजारी बसून होती. तिने “हॅलो” म्हटले तेव्हा तिचा आवाज रडका होता. खरी ओढ मला डिसेंबरात लागली. तेव्हा तिथे साडेआठच्या सुमारास उजाडते आणि चार वाजून गेले की अंधार पडतो. शाळेला जायचे तेही अंधारात. त्या महिन्यात आईने रोज फोन करायचे ठरवले होते, आणि मीच नको म्हटले. रोज बोलले असते तर मी दिवसभर फोनचीच वाट पाहत बसले असते. आईला ते लागले, हे मला माहीत आहे.

जानेवारीत दुसऱ्या घरी गेले तेव्हा मी पहिल्याच संध्याकाळी विचारले, “माझे काम कोणते?” त्यांनी कचऱ्याचे काम दिले : कागद वेगळा, ओला कचरा वेगळा, वेष्टणे पिवळ्या पिशवीत, आणि कोणत्या दिवशी काय रस्त्यावर ठेवायचे ते लक्षात ठेवायचे. तिथे मला आठ दिवसांत करमले. एप्रिलमध्ये तिसरे घर आले, तेव्हा तेवढेही लागले नाहीत.

म्हणून तुमच्या प्रश्नाला मला दिवसांचा आकडा देता येत नाही. जायला अजून दोन महिने आहेत. घरातले एक काम आजपासून पूर्णपणे मुलीच्या नावावर करा, आणि ती विसरली तर “राहू दे, मी करते” म्हणून तुम्ही उठू नका.