जातोयसच तर...

थंडीच्या दिवसात आमच्या कोल्हापुरातल्या घरातलं सगळ्यात धोकादायक वाक्य म्हणजे 'जातोयसच तर'. मी निघालेलो फक्त दूध आणायला. चपलेत पाय घालेपर्यंत आतनं आईची हाळी आली, जातोयसच तर बंबफोड (पाणी तापवायच्या बंबात घालायची फोडलेली लाकडं) पण आण, मग किल्ली शोधतोय तवर पावट्याच्या शेंगा आल्या, काकवी आली आणि गेट उघडताना शेवटचं, परवा भोगी हाय, तीळ संपल्यात. सकाळी सहाला तीळ कोण विकतंय? किराणावाला नऊशिवाय शटर वर करत नाही हे तिलाही माहितीय, पण आपण यादी सांगून मोकळं व्हायचं, पुढचं पुढं.

मोबाईलवर १५ डिग्री. निफाडवाल्यांनी खुशाल हसून घ्यावं, पण शिवाजी पेठेतनं गंगावेशीकडं माकडटोपी घालून गाडीवर जाताना १५ सुद्धा लई होतंय. हातमोज्यांपैकी एकच शिल्लक, दुसरा मागच्या वर्षी कुठंतरी पडला, त्यामुळं डावा हात खिशात, उजवा ॲक्सिलेटरवर, आणि ब्रेक मारायची वेळ आली की बोटं आपली आहेत का दुसऱ्याची तेच कळत नाही.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे दाखवलं की ते आधी फोटो काढतात, आम्ही आधी हात पुढं करतो. समोर धार काढायची, फेसासकट ग्लास हातात. अर्धा ग्लास फेसच असतोय हे खरं, पण थंडीत त्याच्यावरनं कोण भांडत नाही, कारण पैसे दुधाचे कमी आणि उबेचे जास्त. म्हशीच्या अंगची ऊब तशीच ग्लासात उतरलेली असते. मी दोन्ही हातांनी ग्लास धरून एवढा वेळ उभा राहिलो की गवळी म्हणाला, "पितायसा का शेकतायसा?" मी म्हटलं दोन्ही. घरचं दूध किटलीत घेतलं, एरवीपेक्षा अर्धा लिटर जादा, कारण एवढ्या गारठ्यात विरजण धरत नाही आणि रोजच्या रोज एखादं पातेलं वाया जातंय.

वखार उघडायला वेळ होता म्हणून रंकाळ्यावर गेलो. पाण्यावरनं वाफा निघत होत्या, अगदी चुलीवर ठेवल्यागत. रात्रीत हवा गार पडते पण पाणी एवढ्या लवकर निवत नाही, म्हणून ही वाफ. १९३० च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस एरवी पलीकडनं कसा रुबाबात उभा असतो, आज धुक्यात नुसता मनोरा तेवढा वर. फिरायला आलेले आजोबा लोक स्वेटरवर जाकीट, जाकिटावर मफलर आणि खाली हाफ चड्डी अशा वेशात. ह्या पोशाखाचं लॉजिक मला अजून लागलेलं नाही.

परतताना उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, मागं दोन ट्रॉल्या आणि फुल्ल आवाजात गाणं. लहानपणी मागनं ऊस ओढायला पळायचो. आता मागनं नुसता हॉर्न वाजवतो, म्हातारपण म्हणतात ते हेच असावं.

मंडईत पावटा मिळाला, वखारीत बंबफोड मिळाली. दुधाची किटली हँडलला आणि बंबफोडीचं पोतं पायात घेऊन कशीबशी गाडी आणली. तीळ आणि काकवी अर्थातच नाही.

घरात गेलो तर आई म्हणाली, "आत्ताच उठलो बघ, चहा टाकतो." (आमच्याकडं बायकापण 'उठलो', 'आलो'च म्हणतात, पुण्याच्या वहिनीला वर्षभर वाटत होतं सासूबाई फोनवर कुणा पुरुषाची नक्कल करतात.) म्हणजे मला सगळी यादी सांगून ही परत झोपलेली!

बंब पेटवला. तांब्याचं भांडं तापायला लागलं तसं मी पाट ओढून त्याला टेकायच्या बेतात बसलो, बोटांत हळूहळू जीव यायला लागला, तेवढ्यात आई आली. एका हातात गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटली, दुसऱ्या हातात जुन्या शालीत गुंडाळलेलं विरजणाचं पातेलं. दोन्ही बंबाच्या कडेला नीट मांडली आणि मला म्हणाली,

"सरक जरा तिकडं, दह्याला ऊब लागत नाही."